चाचणीतला वेग आणि शर्यतीतला वेग

१ मार्च २०१९ रोजी बार्सिलोनाजवळच्या मोंतमेलो येथील सर्किटवर फॉर्म्युला वनची हंगामपूर्व चाचणी संपली, तेव्हा वेळांच्या तक्त्यात पहिले नाव फेरारीच्या सेबास्टियन वेटेलचे होते. त्याची सर्वोत्तम फेरी १ मिनिट १६.२२१ सेकंदांची. मर्सिडिजचा लुईस हॅमिल्टन त्याच्या मागे होता तो अवघ्या तीन सहस्रांश सेकंदांनी. आठ दिवसांच्या त्या चाचणीत फेरारीची लाल कार पहिल्या सकाळपासून शांत आणि स्थिर धावत होती, तर मर्सिडिजचे चालक वळणावळणावर कारशी झगडताना दिसत होते. फेरारी अर्ध्या सेकंदाने पुढे असू शकेल, असा अंदाज खुद्द हॅमिल्टननेच बोलून दाखवला. जाणकारांचा कौलही त्याच बाजूने पडला.

सोळा दिवसांनी मेलबर्नला पहिली शर्यत झाली. मर्सिडिजचे वाल्टेरी बोटास आणि हॅमिल्टन पहिले-दुसरे आले. वेटेल चौथा आला, विजेत्याच्या ५७ सेकंद मागे. शर्यत ५८ फेऱ्यांची होती. म्हणजे प्रत्येक फेरीला जवळजवळ एक सेकंदाची पिछाडी. पुढे मर्सिडिजने हंगामातल्या पहिल्या आठही शर्यती जिंकल्या आणि त्यांतल्या पहिल्या पाचांत दुसरा क्रमांकही त्यांचाच होता. पाचवी शर्यत तर त्याच मोंतमेलोच्या सर्किटवर झाली. तिथे पात्रता फेरीत बोटास पहिला आला आणि वेटेल त्याच्यापेक्षा ०.८६६ सेकंदाने मागे राहिला. जागा तीच, चालक तेच. मार्चमधली बरोबरी मात्र मे महिन्यात कुठेच उरली नव्हती.

दरवर्षी फेब्रुवारीत चाचणीच्या वेळा भ्रमणध्वनीवर झळकू लागल्या की ही आठवण काढावीशी वाटते. एखाद्या फलंदाजाने नेटमध्ये किती चेंडू सीमेपार टोलवले, यावरून त्याचे कसोटीतले शतक कुणी गृहीत धरत नाही. मोटारशर्यतीच्या बाबतीत मात्र हा संयम सुटतो. घड्याळ सहस्रांशापर्यंत अचूक असते, त्यामुळे त्यातून निघणारा निष्कर्षही तितकाच अचूक असेल असे वाटते. घड्याळ खोटे बोलत नाही, हे खरेच. पण एखाद्या फेरीला किती वेळ लागला एवढेच ते सांगते. कार कोणत्या स्थितीत धावत होती हे सांगत नाही.

त्या स्थितीतला सर्वांत मोठा घटक म्हणजे इंधन. बार्सिलोनासारख्या सर्किटवर टाकीत दहा किलो इंधन जास्त असले की फेरीला साधारण तीन दशांश सेकंद अधिक लागतात. २०१९ पासून संपूर्ण शर्यतीसाठी ११० किलो इंधनाची मर्यादा होती. एक कार वीस किलो घेऊन निघाली आणि दुसरी सत्तर किलो, तर त्यांच्यात दीड सेकंदाचा फरक केवळ वजनाचा पडतो. पात्रता फेरीत दीड सेकंदात अर्धे संघ सामावतात. टाकीत किती इंधन होते हे संघ कुणालाही सांगत नाही, आणि शर्यतीनंतर होते तशी कारच्या वजनाची तपासणीही चाचणीत होत नाही.

दुसरा घटक टायरचा. पिरेली कंपनी टायरच्या प्रकारांना सी-१ पासून चढत्या क्रमाने आकडे देते. आकडा जितका मोठा, तितके रबर मऊ आणि पकड जास्त. शेजारच्या दोन प्रकारांत फेरीमागे ढोबळमानाने अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो. हा घटक निदान डोळ्यांना दिसतो, कारण टायरवर रंगीत पट्टा असतो आणि बहुतेक तक्त्यांत प्रकार नोंदवलेला असतो. इंजिन किती जोरावर चालवले, हे मात्र पुन्हा पडद्याआड. त्यात भर वाऱ्याची आणि तापमानाची. अलीकडच्या वर्षांत चाचणी बहरीनच्या साखीर सर्किटवर होते. तिथल्या भर दुपारच्या तापलेल्या वाळवंटातली फेरी आणि दिवे लागल्यानंतरची फेरी यांची तुलनाच होऊ शकत नाही. तिथली शर्यत दिव्यांच्या प्रकाशात होते. म्हणून चाचणीच्या रोजच्या शेवटच्या दोन तासांतल्या, म्हणजे आपल्याकडील संध्याकाळी साडेसातनंतरच्या वेळांना थोडे अधिक वजन द्यावे.

आपली खरी ताकद लपवण्याला या क्षेत्रात ‘सँडबॅगिंग’ म्हणतात. वाळूची पोती लादून गाडी मुद्दाम जड करावी, तसा हा प्रकार. त्याची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते, असे माझे मत आहे. चाचणीचे तास इतके मोजके असतात की प्रतिस्पर्ध्याला फसवण्यापेक्षा स्वतःची कार समजून घेण्याची निकड मोठी असते. २०२३ ते २०२५ या काळात चाचणी तीनच दिवसांची होती. रोज आठ तास आणि प्रत्येक संघाला एकच कार. बहुतेक संघ लपवत नसतात. ते वेगवेगळे प्रश्न सोडवत असतात. एक नवा पंख तपासत असतो, दुसरा टायर किती टिकतात ते पाहत असतो, तिसरा गळती कुठून होते ते शोधत असतो. त्या सगळ्यांच्या वेळा एका तक्त्यात उतरत्या क्रमाने लावणे म्हणजे गणित, इतिहास आणि चित्रकला यांचे गुण एकत्र मांडून वर्गात पहिला कोण ते ठरवण्यासारखे आहे.

उलट प्रकारही घडतो. २००१ च्या हिवाळी चाचण्यांत आलँ प्रॉस्ट यांच्या संघाच्या कारने, जाँ अलेसी चालवत असताना, लक्ष वेधून घेणाऱ्या वेळा नोंदवल्या. संघ आर्थिक अडचणीत होता आणि प्रायोजकांच्या शोधात होता. हंगामभरात त्यांना चार गुण मिळाले आणि पुढच्या वर्षाच्या प्रारंभी संघ बंद पडला. पैशाची चणचण असलेल्या संघाने हलकी कार पळवून मथळे मिळवायचे, हा तेव्हापासूनचा परिचित संशय.

त्याच संशयाने २००९ मध्ये अनेकांना चकवले. होंडाने डिसेंबर २००८ मध्ये माघार घेतल्यावर रॉस ब्रॉन यांनी तो संघ हाती घेतला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे पहिल्या शर्यतीला तीन आठवडेही उरले नसताना, त्यांची पांढरी कार प्रायोजकांच्या नावांविना बार्सिलोनात उतरली आणि वेगाने सर्वांना मागे टाकू लागली. प्रायोजक मिळवण्यासाठी हलकी कार पळवताहेत, असा अर्थ अनेकांनी लावला. मेलबर्नला जेन्सन बटन पहिला आणि रुबेन्स बारिकेल्लो दुसरा आला. पहिल्या सातपैकी सहा शर्यती बटनने जिंकल्या आणि दोन्ही विजेतेपदे त्या एका वर्षाच्या संघाला मिळाली. या वेगामागे कारण होते. होंडाने २००८ चा हंगाम जवळपास सोडून देऊन नव्या नियमांच्या कारवर दीर्घकाळ काम केले होते, आणि कारच्या मागच्या भागाखाली हवा खेचून घेणारा दुहेरी डिफ्यूझर तिच्यात होता. तक्त्यातल्या आकड्यामागे असे काही कारण दिसते का, हे शोधण्याची तसदी प्रॉस्टच्या वेळीही घ्यायला हवी होती आणि ब्रॉनच्या वेळीही.

मग चाचणीत पाहायचे काय? माझ्या मते, सलग धावांकडे. एखादी कार गॅरेजमध्ये न परतता सलग वीस फेऱ्या मारते तेव्हा तिच्या इंधनाचा निदान किमान आकडा आपल्या हाती येतो. साखीरची शर्यत ५७ फेऱ्यांची आहे. फेरीला पावणेदोन किलोच्या आसपास इंधन जळते असे धरले, तर वीस फेऱ्यांच्या सुरुवातीला टाकीत पस्तीस किलो तरी असलेच पाहिजेत. एखादा संघ पूर्ण शर्यतीची तालीम करतो, ठरल्याप्रमाणे थांबून केवळ टायर बदलतो आणि ५७ फेऱ्या पुऱ्या करतो, तेव्हा तर शंकेला फारशी जागाच उरत नाही. सुरुवातीला टाकी जवळपास भरलेलीच असणार. दोन संघांनी एकाच संध्याकाळी अशी तालीम केली, तर त्यांच्या सरासरी वेळांची तुलना ही चाचणीतली सर्वांत भरवशाची तुलना होय.

सलग धावेत वेळ कशी बदलत जाते, तेही वाचता येते. फेरीला पावणेदोन किलो वजन घटते, म्हणजे टायर झिजलेच नसते तर प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा सुमारे पाच शतांश सेकंदाने वेगवान झाली असती. पंधरा फेऱ्या एकाच वेळेत झाल्या, तर टायर नेमके तेवढेच झिजत आहेत. फेरीमागे एक दशांश सेकंद वाढत गेला, तर खरी झीज दीड दशांशाची आहे. पहिली फेरी दिमाखदार आणि दहावी दीड सेकंदाने मंद, अशी कार शर्यतीत मागेच पडणार, मग तक्त्यात तिचे नाव कितीही वर असो.

याची अलीकडची साक्ष २०२५ ची आहे. तीन दिवसांतली सर्वोत्तम फेरी विल्यम्सच्या कार्लोस साइन्झची होती, १ मिनिट २९.३४८ सेकंदांची, तीन शतांशांनी मागे फेरारीत नव्याने आलेला हॅमिल्टन. परंतु दुसऱ्या दिवशी लँडो नॉरिसने मॅक्लारेनमधून केलेली लांब धाव ज्यांनी फेरी-फेरीने मांडून पाहिली, त्यांचे लक्ष तक्त्याच्या शिखरावरून उडाले. वर्षअखेरीस नॉरिस विश्वविजेता ठरला आणि संघांचे विजेतेपद मॅक्लारेनला मिळाले. विल्यम्स पाचव्या स्थानी राहिला. फेरारीला वर्षभरात एकही ग्रां प्री जिंकता आली नाही.

फेऱ्यांची एकूण संख्या हा दुसरा उपयोगी आकडा, विशेषतः नियम आमूलाग्र बदलतात त्या वर्षी. २०१४ मध्ये संकरित इंजिने आली. हेरेस येथील पहिल्या चार दिवसांच्या चाचणीत मर्सिडिजने तीनशेहून अधिक फेऱ्या मारल्या. त्याआधीची सलग चार वर्षे विजेता असलेल्या रेड बुलला २१ फेऱ्या जमल्या. त्या वर्षी १९ पैकी १६ शर्यती मर्सिडिजने जिंकल्या. मात्र उरलेल्या तीन रेड बुलने जिंकल्या आणि संघ दुसरा आला, हेही विसरू नये. चाचणीत वारंवार बंद पडणारी कार वाईटच असते असे नाही. ती मुळात वेगवान असेल, तर बिघाड पुढे दुरुस्त होऊ शकतो.

काही दोष आकड्यांशिवायच दिसतात. २०२२ मध्ये नव्या बांधणीच्या कार सरळ रस्त्यावर वर-खाली उसळू लागल्या. मर्सिडिज हा त्यातला सर्वांत त्रस्त संघांपैकी एक. ते काहीतरी लपवत आहेत, पहिल्या शर्यतीत सगळे ठीक होईल, असे तेव्हाही बोलले गेले. आधीची सलग आठ वर्षे संघांचे विजेतेपद मिळवणाऱ्या त्या संघाला वर्षभरात एकच शर्यत जिंकता आली, तीही नोव्हेंबरमध्ये ब्राझीलला. पूर्वपुण्याईचा आधार घेऊन डोळ्यांसमोरचा दोष नाकारण्याचा हा नमुना. २०१९ च्या फेरारीबाबत नेमके उलटे झाले. मर्सिडिजने चाचणीच्या दुसऱ्या आठवड्यात पंखांसह कारचा बराचसा भाग बदलून आणला होता. म्हणजे पहिल्या आठवड्यात जिची तुलना चालली होती ती कार मेलबर्नला जाणारच नव्हती. फेरारीचा सरळ रस्त्यावरचा वेग अस्सल होता. बहरीनमध्ये लक्लेरच्या इंजिनाने दगा दिला नसता तर तो दुसरीच शर्यत जिंकला असता. मंद वळणांवर मात्र ती कार मर्सिडिजपुढे टिकली नाही.

संघांबद्दल इतके तरी सांगता येते. चालकांबद्दल त्याहून फार कमी. चालकाचे खरे मोजमाप त्याच्या सहकाऱ्याशी होते, कारण तेवढ्यालाच तशीच कार मिळालेली असते. चाचणीत संघाला एकच कार असते. एक सकाळी चालवतो, दुसरा दुपारनंतर. एकाच्या वाट्याला उष्मा, दुसऱ्याच्या वाट्याला थंडावलेला रस्ता. एकाला पंखांचे मोजमाप, दुसऱ्याला वेगवान फेरी. तीन दिवसांचे दोघांत दीड-दीड दिवस, आणि त्यातही सर्किटच्या गटाराचे झाकण निघाले म्हणून (२०२४) किंवा वीज गेली म्हणून (२०२५) तास वाया जातात. २०२५ मध्ये रेड बुलने मॅक्स व्हर्स्टॅपेनच्या जोडीला लियाम लॉसनला घेतले. त्या अवघड कारमध्ये तो व्हर्स्टॅपेनच्या किती मागे आहे, हे मोजण्याची सोय चाचणीत नव्हतीच. ते मेलबर्न आणि शांघायला मोजले गेले आणि दोन शर्यतींनंतर त्याची जागा गेली. त्याच वर्षी रेड बुलच्या दुसऱ्या संघातून इसॅक हजार हा नवखा आला. पदार्पणाच्या शर्यतीत तो प्रारंभापूर्वीच्या फेरीतच भिंतीवर आदळला आणि अश्रू ढाळत परतला. ऑगस्टअखेरीस झांडवूर्टला तो तिसरा आला, आणि पुढच्या हंगामासाठी व्हर्स्टॅपेनच्या शेजारची जागा त्यालाच देण्यात आली.