रोजचा एक अध्याय



मागच्या महिन्यात बचतीच्या नोंदी लिहून झाल्या, पेटीला कुलूप लागलं आणि आमच्या गटातल्या एका ख्रिस्ती बहिणीनं विचारलं, "ताई, आम्ही दर रविवारी उपासनेला जातो. पाळकसाहेब वचन समजावून सांगतात. मग रोज घरी बायबल वाचायची वेगळी गरज काय? आणि वाचायचं म्हटलं तर वेळ कुठाय?" शेजारी बसलेल्या मावशी माळकरी. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी हरिपाठ होतो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, जेवण काय रविवारीच करतीस का?"

मावशींनी अर्धं उत्तर तिथंच दिलं होतं. बायबलमध्ये अशीच एक गोष्ट आहे. इस्राएल लोक मिसरातून निघून रानात भटकत होते. खायला काही नव्हतं, तेव्हा रोज सकाळी जमिनीवर मान्ना पडायचा आणि ज्यानं त्यानं आपल्या घरापुरता गोळा करायचा. कुणी उद्यासाठी साठवून ठेवला तर त्यात किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती. निर्गमच्या १६ व्या अध्यायात हे सगळं आहे. आपण गटात साठवणं शिकवतो, म्हणून मला ही गोष्ट आधी उलटीच वाटायची. पण मनाची भूक साठवणीवर भागत नाही, हे माझ्या मला पुढं कळलं.

ते कसं कळलं, तेच सांगते. आमच्या गटात एका बाईचे तीन हप्ते थकले होते. बैठकीत सगळ्यांसमोर मी तिला नको ते बोलले. घरी आले तरी राग उतरेना, उलट आपलंच बरोबर असं वाटत होतं. त्या दिवसांत मी मत्तयाचं शुभवर्तमान रोज एक अध्याय असं वाचत होते. दुसऱ्या दिवशी १८ वा अध्याय आला. एका चाकरानं राजाचं एवढं कर्ज केलेलं की सात जन्मांत फिटलं नसतं. राजानं ते माफ केलं. तोच चाकर बाहेर पडला आणि शंभर दिवसांच्या मजुरीएवढ्या पैशासाठी आपल्या सोबत्याचा गळा धरला. मी पुस्तक मिटलं. ही गोष्ट मला आधीपासून माहीत होती, पण त्या दिवशी मी ती स्वतः होऊन कधीच उघडली नसती. ओळीनं वाचत होते म्हणून ती समोर आली.

हप्ते माफ करणं माझ्या हातात नव्हतं. गटाचा पैसा सगळ्यांचा असतो. पण मी तिच्या घरी गेले. घरात दुखणं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या बैठकीत हप्ते लहान करून द्यायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि मी तिची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर.

आध्यात्मिक वाढ म्हणतात ती मला अशीच दिसते. किती वचनं पाठ आहेत यावर ती मोजता येत नाही. ती हळूहळू होते. पंडिता रमाबाईंचंच बघा. १८५८ साली जन्मलेली ही बाई, आई-वडिलांकडून संस्कृत शिकलेली. दुष्काळाच्या काळात आई-वडील गेले. भावाबरोबर पायी फिरत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली. तिथंच ख्रिस्ती लोकांनी त्यांच्या हाती संस्कृत बायबल दिलं. रमाबाईंनी पुढं स्वतः लिहिलंय की त्यांना ते समजलं नाही, वाचणं म्हणजे वेळ वाया घालवणं वाटलं. एवढ्या पंडित बाईला समजलं नाही, मग आपल्याला पहिल्या दिवशी नाही समजलं तर वाईट कशाला वाटून घ्यायचं? लग्नानंतर नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची छोटी बंगाली पुस्तिका सापडली आणि ती त्यांनी आवडीनं वाचली. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, तो सापडायला पुढं आठ वर्षं गेली, असं त्यांनीच कबूल केलंय.

दुष्काळातल्या बायका-मुलींना त्यांनी पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला. १९०० च्या दुष्काळानंतर ती संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. तेव्हाच्या मराठी बायबलची भाषा या बायकांना जड जायची. म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवायला बसल्या. या कामात त्यांची सुमारे अठरा वर्षं गेली. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला बायकाच होत्या. शेवटची मुद्रितं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. १९२४ मध्ये ते बायबल बाहेर आलं. बाईनं दुसऱ्याच्या तोंडून न ऐकता स्वतः वाचावं, यासाठी एवढी खटपट.

स्वतः वाचण्याचं आणखी एक कारण आहे. 'प्रेषितांची कृत्ये'च्या १७ व्या अध्यायात बिरुया गावचे लोक आहेत. पौलानं सांगितलेलं खरं आहे का, हे ते रोज शास्त्र उघडून ताडून बघायचे, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलंय. बाईनं गप्प बसावं, एवढंच कुणी आपल्याला ऐकवत असेल, तर योहानाचा चौथा अध्याय उघडून बघावा. भर दुपारी विहिरीवर पाण्याला आलेल्या शोमरोनी बाईशी येशू किती वेळ बोलत बसला ते तिथं आहे. हंड्यासाठी टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या बायांना ती विहीर लगेच डोळ्यांसमोर येते.

आता वेळेचं. बायबलात ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. रोज एक वाचला तर सव्वातीन वर्षं लागतात. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यात पाच दिवस एकेक वाचला तर वर्षात तो पुरा होतो. पुष्कळजणी उत्पत्तीपासून जोरात निघतात आणि लेवीयमध्ये गाडी रुतते. त्यापेक्षा मार्कपासून सुरुवात करा. १६ च अध्याय आहेत आणि गोष्टी भराभर पुढं जातात. एक अध्याय वाचायला पाच-सात मिनिटं लागतात. वाचून झालं की एवढंच विचारावं, यातलं आज माझ्या घरात काय लागू पडतं?

डोळे मिटून पान उघडायचं आणि जे वचन निघेल तो कौल मानायचा, हे मात्र नको. तसंच वाचन करते म्हणून गोळ्या बंद केल्या, असंही नको. लूक, ज्यानं शुभवर्तमान लिहिलं, तो स्वतः वैद्य होता असं मानतात.

आणि ज्या दिवाळीनंतर तोडीला जातात त्यांचं काय? पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, दिवसभर फडात मोळ्या बांधायच्या, रात्री गाडी आली की परत भरायला उठायचं. तिथं कोपीत दिवा लावून वाचा, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? अनुवादच्या ६ व्या अध्यायात घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना वचनांविषयी बोलत राहा, असं सांगितलंय. तिथं अक्षरांची अट नाही. २३ वं स्तोत्र सहाच वचनांचं आहे. ते पाठ असलं की कोयता चालवतानाही मनात म्हणता येतं. मोबाईलवर बायबल मराठीत ऐकता येतं. दोघी-तिघींनी मिळून ऐकलं तर एकीचीच बॅटरी पुरते. जिला वाचता येत नाही तिनं शाळेत जाणाऱ्या नातीला वाचायला लावावं. नातीचं वाचन सुधारतं, हा वरचा फायदा. आणि चार दिवस राहून गेलं म्हणून देव दंड लावत नाही. पाचव्या दिवशी जिथं खूण ठेवली होती तिथून पुढं वाचावं.

आमच्या त्या बहिणीनं आता लूक धरलाय. परवा भेटली तेव्हा पंधराव्या अध्यायावर होती. दहा नाणी असलेली बाई, त्यातलं एक हरवलं म्हणून दिवा लावून अख्खं घर झाडून काढते ती गोष्ट. माळकरी मावशींनी ऐकली आणि म्हणाल्या, "हिला आपल्या गटाची खजिनदार करा."