मेदनाशक पूरके, अनुत्तेजक

शरीरातील मेद (चरबी) घटविण्याच्या हेतूने आहाराबरोबर घेतले जाणारे, पण तंत्रिका तंत्र व हृदय यांना उत्तेजित न करणारे पदार्थ. 'मेदनाशक' ही संज्ञा येथे हेतू दर्शविते, सिद्ध परिणाम नव्हे. कॅफीन, एफेड्रीन इ. उत्तेजके चयापचयाचा वेग काहीशी वाढवितात व भूक मंदावतात. परंतु धडधड, निद्रानाश, रक्तदाबवाढ हे त्यांचे दोष आहेत. एफेड्रा वनस्पतीतील अल्कलॉइडे असलेल्या पूरकांवर अमेरिकेत 2004 मध्ये बंदी आली. अनुत्तेजक पूरकांत हे दोष नसल्याने ती निर्धोक मानली जातात. हा समज मात्र नेहमी खरा ठरत नाही.

या वर्गातील हायड्रॉक्सिसिट्रिक अम्लाचा इतिहास बोधप्रद आहे. केरळात माशांच्या कालवणात वापरण्यात येणारी कुडमपुळी (गार्सिनिया गमी-गटा) व कोकणातील कोकम किंवा रातांबा (गार्सिनिया इंडिका) यांच्या फळांच्या सालीत ते विपुल असते. कुडमपुळीतील प्रमुख अम्ल हेच असल्याचे वाय. एस. लुईस व एस. नीलकंठन यांनी 1965 मध्ये दाखविले. तोवर ते सिट्रिक अम्ल समजले जाई. (ज्या कोकमाची साल मेद घटविण्यासाठी खपते, त्याच्याच बियांपासून कोकमतेल ही घट्ट वसा काढतात.)

पेशीत कार्बोहायड्रेटांचा अतिरिक्त पुरवठा झाला की त्यांपासून बनलेल्या सिट्रेटाचे एटीपी-सिट्रेट लायेज हे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) विघटन करते व त्यातून वसाम्लांचा कच्चा माल मिळतो. हायड्रॉक्सिसिट्रेट या एंझाइमाला रोखून धरते, असे जे. एम. लोवेन्स्टाइन व त्यांचे सहकारी यांना 1969 मध्ये आढळले. पुढे उंदरांवरील प्रयोगांत वसाम्लनिर्मिती, अन्नसेवन व वजनवाढ ही तिन्ही घटलेली दिसली.

मनुष्याच्या बाबतीत तसे घडले नाही. 1998 मध्ये न्यूयॉर्क येथील चाचणीत 135 स्थूल व्यक्तींपैकी काहींना रोज 1,500 मिग्रॅ. हायड्रॉक्सिसिट्रिक अम्ल व इतरांना निष्क्रिय गोळ्या 12 आठवडे दिल्या. सर्वांचा आहार मर्यादित होता. पहिल्या गटाचे वजन सरासरी 3.2 किग्रॅ., तर दुसऱ्याचे 4.1 किग्रॅ. घटले आणि हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. उंदराच्या यकृतात कार्बोहायड्रेटांपासून वसा मोठ्या प्रमाणात बनते. मनुष्याच्या नेहमीच्या आहारात शरीरात साठणारी वसा बहुतांशी अन्नातील वसेपासूनच येते. त्यामुळे जी वाट मुळात अरुंद आहे, ती अडवून फारसे साधत नाही. 2011 मधील एका एकत्रित विश्लेषणात निष्क्रिय गोळ्यांच्या तुलनेत घट सरासरी सुमारे 0.9 किग्रॅ. भरली, त्यातही अधिक काटेकोर चाचण्यांत फरक उरला नाही.

उलट यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2009 मध्ये 'हायड्रॉक्सिकट' नावाने विकली जाणारी पूरके घेऊ नयेत असा इशारा दिला. त्यामागे यकृतविकाराच्या 23 तक्रारी व एक मृत्यू होता. त्या मिश्रणांत इतर घटकही असल्याने दोष नेमका कोणाचा हे तेव्हा ठरले नाही. नंतर केवळ गार्सिनिया घेणाऱ्यांतही कावीळ आढळली. विशिष्ट आनुवंशिक प्रकार असलेल्यांना हा धोका अधिक असतो. आमसुलाचे सार किंवा सोलकढी यांतून पोटात जाणारे अम्ल अर्करूप गोळ्यांच्या मानाने फार थोडे असल्याने हे निष्कर्ष स्वयंपाकातील कोकमाला लावता येत नाहीत.

कार्निटीन हे वसाम्ले कलकणूंत (पेशीतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म घटकांत) पोहोचविते. तथापि निरोगी शरीर ते स्वतःच पुरेसे तयार करते. सुरणाच्या कुळातील कोन्याकच्या कंदापासून मिळणारे ग्लुकोमॅनन पाणी शोषून फुगते व पोट भरल्याचा भास निर्माण करते. कमी ऊर्जेच्या आहाराबरोबर रोज 3 ग्रॅ. घेतल्यास त्याचा थोडा उपयोग होतो, असे यूरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2010 मध्ये मान्य केले. भरपूर पाण्याशिवाय गोळी गिळल्यास ती अन्ननलिकेतच फुगून अडकते.

भारतात अशा पूरकांची गणना अन्नात होते व ती औषधी वापरासाठी नाहीत, असे वेष्टनावर छापावे लागते.