ब्रामचा विम आणि मराठी वाक्य

प्रोग्रॅमर मंडळी रोज कोणत्या हत्यारांनी काम करतात ते लिहा, असं संपादकांनी सुचवलं. यादी केली असती तर लांबलचक झाली असती. पण हिंजवडीतल्या एका मित्राचं काम बघत त्याच्या शेजारी बसलो आणि एका एडिटरपाशीच अडकलो. काळा पडदा, मेनू नाही, बटणं नाहीत, माउस बाजूला सारलेला. विम.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. १९७६ च्या सुमारास बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला. घरून ३०० बॉडच्या संथ मोडेमवर काम करायचं, तर एकेक कळ जपून वापरावी लागे. त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, म्हणून आजही विममध्ये कर्सर त्याच कळांनी हलतो. पुढे नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांना आपल्या अमिगा संगणकावर असाच एडिटर हवा होता. ‘स्टीव्ही’ नावाची एक नक्कल घेऊन १९८८ मध्ये ते ती सुधारत बसले आणि १९९१ मध्ये विम लोकांसमोर आला.

मला खिळवून ठेवलं ते त्याच्या आज्ञांच्या रचनेनं. विम उघडला की तो लिहायच्या तयारीत नसतो, आज्ञेची वाट बघत असतो. लिहायचं तर आधी ‘आय’ दाबायचं, लिहून झालं की एस्केप. नवख्याला हे जाचक वाटतं. पण मजकूर लिहिण्यापेक्षा दुरुस्त करण्यातच आपला जास्त वेळ जातो, हे ज्यांनी ओळखलं त्यांनी ही रचना केली आहे. दुरुस्तीच्या आज्ञेत एक क्रियापद आणि एक कर्म. ‘डी’ म्हणजे काढ, ‘सी’ म्हणजे बदल, ‘वाय’ म्हणजे उचल. ‘डब्ल्यू’ म्हणजे शब्द, ‘एस’ म्हणजे वाक्य, ‘पी’ म्हणजे परिच्छेद. कोणतंही क्रियापद कोणत्याही कर्माला लागतं. मित्रानं कंसाच्या आत कर्सर ठेवून ‘सी’, ‘आय’ (इथे त्याचा अर्थ ‘आतलं’) आणि उघडा कंस एवढ्या तीन कळा दाबल्या. कंसातला मजकूर गेला, त्यानं नवा लिहिला. मग पुढच्या कंसात जाऊन फक्त टिंब दाबलं आणि तोच बदल तिथे झाला. पुढे पुन्हा टिंब, पुन्हा टिंब. त्याची नजर पडद्यावरून हललीच नाही.

हे सगळं फुकट, आणि त्यामागे एक गोष्ट आहे जी मला फार मोलाची वाटते. १९९४ मध्ये मोलेनार युगांडातल्या किबाले या गावी पाणी आणि स्वच्छतेच्या कामासाठी स्वयंसेवक म्हणून राहिले. एड्सनं आईवडील हिरावलेली मुलं त्यांनी तिथे पाहिली. विमचे पैसे मागायचे नाहीत, मात्र ज्याला तो उपयोगी पडेल त्यानं या मुलांसाठी काही द्यावं, असं त्यांनी ठरवलं. नुसता विम उघडला की दिसणाऱ्या पहिल्या पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, ही ओळ कित्येक वर्षं झळकत राहिली. ३ ऑगस्ट २०२३ ला मोलेनार वारले. वय ६२. जानेवारी २०२४ मध्ये आलेली ९.१ ही आवृत्ती त्यांना अर्पण केलेली आहे. आता ख्रिश्चन ब्राबांट आणि इतर स्वयंसेवक विम सांभाळतात.

हे हत्यार मराठी लिखाणाला वापरायचं तर काय होतं? पहिली अडचण कीबोर्डची. इन्स्क्रिप्ट चालू असताना ‘डी’ची कळ हलन्त देते, ‘जे’ची कळ ‘र’ देते. विमला आज्ञाच पोचत नाही. यावर उपाय आहे: विमचा स्वतःचा कीमॅप लिहायचा, म्हणजे लिहिताना देवनागरी आणि एस्केप दाबताच इंग्रजी कळा. एका बैठकीचं काम आहे.

दुसरी अडचण अक्षराची. ‘क्षेत्र’ या शब्दावर कर्सर चार ठिकाणी थांबतो, कारण क्ष आणि त्र ही जोडाक्षरं विमला प्रत्येकी दोन वाटतात. ‘कि’वर ‘एक्स’ दाबलं तर वेलांटीसकट क जातो. ‘डेलकंबाइन’ हा पर्याय लावला तर आधी वेलांटी जाते, मग क.

शोधताना याहून जास्त त्रास होतो. विम स्वरचिन्हाला अक्षराचा भाग धरतो, म्हणून ‘घर’ शोधलं तर ‘घरकाम’ सापडतं. ‘घरी’, ‘घरात’, ‘घराला’ मात्र सापडत नाहीत. मराठीत शब्द विभक्तीशिवाय दिसतो तरी कितीदा? स्वरचिन्हांकडे दुर्लक्ष कर, असं सांगायची खूण विमकडे आहे, पण ती लावली की ‘घेर’ आणि ‘घोर’सुद्धा हाताला लागतात.

वाक्याची तऱ्हा आणखी निराळी. टिंब, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह आणि त्यानंतर मोकळी जागा अथवा ओळीचा शेवट, ही विमची वाक्याची व्याख्या. हिंदीचा दंड तिच्यात बसत नाही. मराठी टिंब देते म्हणून आपलं वाक्य बरोबर ओळखलं जातं. पण आपण माणसांची नावं आद्याक्षरांनी लिहितो. ‘वि. स. खांडेकर यांना ज्ञानपीठ मिळालं’ हे विमच्या लेखी तीन वाक्यं. ‘वि.’ हे पहिलं, ‘स.’ हे दुसरं. वाक्य बदल म्हटलं की एवढंसं आद्याक्षर जातं आणि बाकीचं जागच्या जागी राहतं.

हिब्रू आणि अरबी लिहिणाऱ्यांसाठी विममध्ये उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय आहे. विमचा कोड खुला आहे, सुधारणा कोणालाही पाठवता येते. मराठीत लिहिणारे आणि विम कोळून प्यायलेले असे दोन्ही प्रकारचे लोक पुण्यात एकाच इमारतीत बसतात. त्यांनी मराठीचीही अशी सोय करणं मनावर घ्यावं, असं मला कळकळीनं वाटतं. तोवर मी आद्याक्षरांमध्ये जागा न सोडता ‘वि.स.खांडेकर’ असं लिहितो, आणि लेख छापायला पाठवण्याआधी त्या जागा एकेक करून परत घालतो.