रजा चार्टवर टाकली, तरी तारीख का हलत नाही?

गणपती जवळ आले की प्रोजेक्ट मॅनेजरकडे रजेचे अर्ज येऊ लागतात आणि गँट चार्टवर, म्हणजे कामांच्या पट्ट्यांच्या वेळापत्रकावर, एक नवी ओळ उगवते : 'रजा, सोमवार ते शुक्रवार'. ओळीसमोर रंगीत पट्टी, पट्टीवर त्या माणसाचं नाव. दिसायला नीटनेटकं. पण हिशेब इथेच बिघडतो.

गैरसमज : रजा हेही एक काम म्हणून दाखवावं.
मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारख्या सॉफ्टवेअरला पट्टी म्हणजे काम एवढंच कळतं. रोजच्या ८ तासांनी पाच दिवसांची रजा म्हणजे ४० तासांचं काम धरलं जातं. तासाचा दर भरलेला असेल, तर त्याचा खर्चही प्रकल्पाच्या नावावर पडतो. रजेवर गेलेल्याचं त्या आठवड्यातलं मूळ काम मात्र जागचं हलत नाही. त्या माणसावर दुप्पट भार दिसतो, इतकंच. रजेची खरी जागा त्या व्यक्तीच्या कॅलेंडरमध्ये आहे. तिथे नोंदली की काम रजेला वळसा घालून आपोआप पुढे सरकतं.

दिवाळी किंवा १ मे अशा सगळ्यांच्या सुट्ट्यांची जागा वेगळी : प्रकल्पाचं सामाईक कॅलेंडर. घाईत एकट्याची रजा तिथे टाकणारेही भेटतात, मग त्या दिवशी सगळी टीमच घरी बसलेली दिसते.

गैरसमज : कॅलेंडरमध्ये भरली की रजा चार्टवर दिसेल.
सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. चार्टमागचे करडे पट्टे एका वेळी एकाच कॅलेंडरचे असतात आणि सहसा ते प्रकल्पाचं असतं. एकट्या व्यक्तीवर सोपवलेलं दहा दिवसांचं काम सोमवारी सुरू झालं आणि पुढच्या आठवड्यात सोमवार ते बुधवार ती रजेवर असली, तर काम दुसऱ्या शुक्रवारऐवजी तिसऱ्या बुधवारी संपतं. पट्टी लांबते, पण रजेवरून सलग जाते. कालावधीच्या रकान्यात 'दहा दिवस'च राहतात. बघणाऱ्याला वाटतं, काम रेंगाळलं. करड्या पट्ट्यांसाठी त्या व्यक्तीचं कॅलेंडर निवडलं की कारण दिसतं, पण तेही फक्त तिच्यापुरतं. पूर्ण टीमच्या रजा एका नजरेत हव्या असतील तर वेगळा तक्ता करावा, हे माझं मत.

आणि तारीख हललीच नाही तर? काम 'मॅन्युअल' पद्धतीवर आहे का ते आधी पाहा. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या २०१०च्या आवृत्तीपासून नवं काम मुळातच तसं नोंदलं जातं आणि हाताने घातलेल्या तारखा रजेला जुमानत नाहीत.

गैरसमज : एका कामावर दोघं आहेत, एक नसला तर दुसरा ओढून नेईल.
माणसं नेतीलही, सॉफ्टवेअर नेत नाही. रजेवरच्याचे तास तो परत येईपर्यंत थांबतात. दुसरा वेळेत मोकळा होतो, काम मात्र अर्धवट राहतं. वाटणी आपल्यालाच बदलावी लागते.

गैरसमज : गँट चार्ट कामांसाठी, रजेचं खूळ नवं.
हेन्री गँटचे सहकारी वॉलेस क्लार्क यांनी १९२२च्या पुस्तकात दाखवलेल्या तक्त्यांत काम का मागे पडलं, हे अक्षरांनी नोंदवलं आहे. कामगार गैरहजर असल्याची खूण त्यात होतीच.

गैरसमज : रजा अपवादाने येते, शेवटी चार दिवस जादा धरले की भागतं.
महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षाला ८ नैमित्तिक रजा, ८ भरपगारी सणांच्या सुट्ट्या आणि २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते. म्हणजे आणखी किमान १२. बेरीज २८, साप्ताहिक सुट्ट्या सोडून. हे दिवस वर्षभर विखुरलेले असतात. त्यातले माहीत असलेले त्या त्या माणसाच्या कॅलेंडरमध्ये आधीच भरावेत. रजा आजारपणाची की घरच्या लग्नाची, हे चार्टवर लिहायची मात्र गरज नाही. वेळापत्रकाला माणूस नाही एवढं कळलं की पुरतं.