उंची खर्चायची कधी?

नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या आकाशातून 35,000 फुटांवरून चाललेल्या जेट प्रवासी विमानाची दोन्ही इंजिनं बंद पडली, असं धरून चालू. विमान कोसळत नाही. फ्लॅप आणि चाकं आत असतील, तर ते दर किलोमीटर उंचीमागे साधारण 17 किलोमीटर पुढे जातं. वारा आणि वळणांची वजावट केली, तरी दीडशेच्या आसपास किलोमीटर हातात उरतात. ओझरचा विमानतळ सरळ रेषेत पन्नासच्या आत, सुरतही आवाक्यात.

ओझरला तीन किलोमीटरची धावपट्टी आहे. पेठवरून तिकडे वळलेल्या वैमानिकाला उंची कमी पडणार नाही, उलट जास्त होईल. ती जिरवण्याची दोन मुख्य साधनं म्हणजे फ्लॅप आणि चाकं.

फ्लॅप पंखाच्या मागच्या कडेला असतात. ते मागे सरकत खाली वाकतात, पंखाचं क्षेत्रफळ आणि बाक वाढवतात, म्हणून विमान कमी वेगातही तरंगतं. सुरुवातीच्या थोड्या अंशांत उचल बरीच मिळते, हवेचा रोध त्या मानाने कमी वाढतो. शेवटच्या टप्प्यात गणित उलटतं. चाकं तर उचल अजिबात देत नाहीत, नुसता रोध वाढवतात. दोन्ही पूर्ण बाहेर आली की तरंगत जाण्याचं अंतर जवळपास निम्म्यावर येतं, कधी त्याहूनही खाली.

फ्लॅप नको तेव्हा बाहेर राहिले तर काय होतं, हे आपल्याकडे 15 नोव्हेंबर 1993 ला दिसलं. इंडियन एअरलाइन्सचं मद्रासहून निघालेलं एअरबस ए-300 खराब हवामानामुळे हैदराबादला उतरू शकलं नाही. पुन्हा वर जाताना फ्लॅप आत जाईनात. तसंच मद्रासकडे परतताना वाढलेल्या रोधाने इंधन खाल्लं आणि ते वाटेतच संपलं. तिरुपतीजवळच्या शेतात विमान उतरवावं लागलं. आतले सगळे वाचले. इंजिनं चालू असताना फ्लॅपने इंधन खाल्लं; ती बंद असती, तर त्याच फ्लॅपने उंची खाल्ली असती.

माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर निर्णय 17 जानेवारी 2008 चा आहे. हीथ्रोला उतरणाऱ्या बोइंग 777 च्या इंजिनांची शक्ती अगदी शेवटी, जमीन जवळ असताना गेली. कॅप्टन पीटर बर्किल यांनी फ्लॅप 30 वरून 25 वर घेतले. असा फ्लॅप अविचाराने आत घेतला तर उचल जाते आणि विमान खचतं. इथे कपात थोडी होती, रोध घटला, आणि विमान सुमारे 50 मीटर पुढे जाऊन टेकलं. तेवढ्याने धावपट्टीआधीच्या अँटेना चुकल्या. चाकं त्यांनी बाहेरच ठेवली. आपटण्याचा बराच धक्का त्यांनीच सोसला.

पण ही साधनं हाताशी असतीलच असं नाही. इंजिनं थांबली की त्यांच्यावर चालणारे हायड्रॉलिक पंपही थांबतात. हवेच्या झोताने फिरणारा छोटा पंखा विमान वळवण्यापुरता दाब देतो. फ्लॅपसाठी तो पुरेलच असं नाही. चाकांचं कुलूप सोडलं की ती वजनाने खाली पडतात, मात्र वर घेता येत नाहीत. कॅनडात 23 जुलै 1983 ला इंधन संपलेलं बोइंग 767 गिम्लीच्या जुन्या धावपट्टीवर आलं, तेव्हा फ्लॅप नव्हतेच. कॅप्टन बॉब पिअरसन ग्लायडर चालवणारे. त्यांनी विमान एका पंखावर कलवून, नाक विरुद्ध बाजूला वळवून आडवं घसरवलं आणि जास्तीची उंची जिरवली. पुढचं चाक पक्कं बसलं नव्हतं. विमान नाकावर घासत थांबलं. आतले 69 जण वाचले.