कोनाड्यातला बाजार

आनंदवनाची भाजी वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेत नसे. सत्तर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आमच्या गावात अजून सांगतात, थोडी खाली मान घालूनच. 1951 मध्ये बाबा आमटे आणि साधनाताई सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन त्या खडकाळ रानात राहायला गेले. विहीर खणली, वाफे केले, भाजी खाऊन उरू लागली. विकायची म्हटलं तर गाव दोन-तीन किलोमीटरवर, पण रोग्याच्या हातची वांगी कोण घेणार? 1954 मध्ये सेवाग्रामहून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या स्वयंसेवी संस्थेचे परदेशी तरुण-तरुणी आले. रुग्णांबरोबर जेवले, राहिले, भिंती बांधल्या. ते बघून गाव बिचकत बिचकत आत डोकावलं आणि हळूहळू भाजी खपायला लागली.

मी ही गोष्ट नेहमी व्यापाराची गोष्ट म्हणून सांगतो. माल तोच, दर तोच. फक्त घेणाऱ्याचा विश्वास बसायला मधे कोणीतरी परका यावा लागला. पुढे आनंदवनातल्या सतरंज्या, हातमागाचं कापड, शुभेच्छापत्रं पुण्या-मुंबईच्या मराठी घरांत गेली. वरोऱ्यातल्या किती घरांत ती शुभेच्छापत्रं कोणी कोणाला पाठवली असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. गिऱ्हाईक दूर होतं, विखुरलेलं होतं, पण होतं.

अशा विखुरलेल्या गिऱ्हाइकांच्या बाजाराला इंग्रजीत ‘निश’ हा जो शब्द वापरतात, त्याचा मूळ अर्थ कोनाडा. जुन्या मातीच्या भिंतीत दिवा ठेवण्यापुरती केलेली जागा. कपाट त्यात मावत नाही, पण दिवा कपाटात ठेवून चालत नाही. 2004 मध्ये क्रिस अँडरसन या अमेरिकी संपादकाने एक लेख लिहून असं मांडलं, की इंटरनेटवर दुकानाच्या फळीला मर्यादा नसल्यामुळे फार न खपणाऱ्या हजारो वस्तूंची मिळून विक्री मोजक्या तडाखेबंद खपणाऱ्या वस्तूंशी बरोबरी करू शकेल. त्याच वर्षी ई-बेने आपल्याकडची ‘बाझी’ ही साइट विकत घेतली. 2007 मध्ये फ्लिपकार्ट पुस्तकं विकू लागलं, जून 2013 मध्ये अ‍ॅमेझॉन भारतात आलं. वरोऱ्यात यातलं काही जाणवलं नव्हतं. इथून बाहेर जाणाऱ्या मालाचा आमचा इतिहास कोळशापासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात इथल्या खाणीसाठी वर्ध्याहून रेल्वे आली. 1906 मध्ये खाण बंद पडली, रेल्वे राहिली. वॅगनने माल पाठवायची सवय असलेल्या गावाला पाकिटातून माल पाठवायचा म्हणजे गंमतच वाटायची.

खरा फरक पडला तो सप्टेंबर 2016 नंतर, जिओच्या फुकट डेटामुळे. सहा महिन्यांत बचत गटाच्या बाया फोनवर व्हिडिओ बघायला लागल्या आणि एक दिवस त्यांच्यातल्या एकीने विचारलं, ‘‘भाऊ, हे लोकं गोवऱ्या इकून ऱ्हायले, आपन काऊन नाही?’’ खरंच तेव्हा गोवऱ्या ऑनलाइन विकल्या जात होत्या, वर गिफ्ट पॅकिंगसकट. आम्ही हसलो. पण प्रश्न बरोबर होता. आपल्या अंगणात फुकट पडलेली वस्तू तीनशे कोसांवर दुर्मीळ असते, हे या बाईला कोणत्याही पुस्तकाआधी कळलं होतं.

तिच्या गटासाठी मी सुपं विकायचं ठरवलं. आमच्याकडचे बुरड कारागीर सूप असं विणतात की पाणी धरावं. एका मोठ्या साइटवर फोटो चढवले. पुणे, ठाणे, बंगळुरूहून ऑर्डरी आल्या. लग्नात, गौरीत सूप लागतंच आणि शहरात ते मिळत नाही, हा अंदाज अगदी खरा ठरला. मग कुरिअरचं बिल आलं. तीन सुपांचं खोकं, वजन सव्वा किलो. बिल साडेपाच किलोचं! मी भांडायला गेलो तर काउंटरवरच्या पोराने शांतपणे गणित मांडून दाखवलं: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार. 45 गुणिले 40 गुणिले 15 म्हणजे 27 हजार, भागिले 5 हजार, 5.4, म्हणजे त्यांच्या हिशेबात साडेपाच. कुरिअरवाला हवेचंही भाडं घेतो, आणि सुपात हवाच जास्त. त्यात काही खोकी परत आली. ‘‘दोन आरटीओ झाल्या,’’ असं तो पोरगा म्हणाला, तेव्हा मला आधी एमएच-34 ची पाटी आठवली. ऑनलाइन विकणाऱ्यांच्या भाषेत आरटीओ म्हणजे घेणाऱ्याने न स्वीकारलेला, मूळ पत्त्यावर परत निघालेला माल. बहुतेक वेळा जाण्याचं नि येण्याचं दोन्ही भाडं विकणाऱ्याच्या माथी. तो हंगाम आम्ही तोट्यात काढला आणि गटातल्या बायांसमोर वहीतले आकडे वाचून दाखवताना माझा आवाज नीट निघत नव्हता.

पण त्या भागाकाराने मला जे शिकवलं ते कोणत्याही व्हिडिओत नव्हतं. मागणी आहे की नाही, हा निम्माच प्रश्न. वस्तू पाकिटात मावते का, फुटते का, आणि एकदा घेणारा पुन्हा येतो का, हा उरलेला निम्मा. सूप दहा वर्षं टिकतं. त्याचं गिऱ्हाईक दहा वर्षांनी येणार. त्याच बांबूची राखी दरवर्षी लागते, वजन वीस ग्रॅम, चपटी. तीही एक एक पाठवली तर भाडं राखीच्या किमतीएवढं होतं, म्हणून पाच-पाचचे संच, नाहीतर एखाद्या ऑफिसची दोनशेची ऑर्डर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बांबूच्या राख्या, कानातले, किचेन आज जिथे तिथे दिसतात, त्यामागे असं गणित आहे. आमचा गटही त्याच गणिताने राख्यांकडे वळला.

बांबू विकणं हे तरी सोपं कुठे होतं? आमच्या जंगलात तो गवतासारखा वाढतो, पण कायद्याने तो झाड होता आणि वनखात्याच्या ताब्यात होता. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर न्यायला लागणारा वाहतूक परवाना स्वतःच्या हाताने फाडण्याचा अधिकार ग्रामसभेला 27 एप्रिल 2011 ला मिळाला. तो द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः आले होते. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये हक्क मिळाला. पाचगावकरांनी बांबू विकायचा ठरवला आणि तेंदूपानांची तोड मात्र बंद केली, कारण पानांसाठी फांद्या छाटतात, आगी लावतात. हातचा बाजार सोडून देण्याची ही अक्कल बाजार शोधण्याच्या कोणत्याच पाठात शिकवत नाहीत. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघालं. 2017 च्या अखेरीस वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याच्या व्याख्येतल्या झाडांमधून वगळला गेला. एका राखीच्या मागे एवढं सगळं आहे, हे राखी बांधून घेणाऱ्याला माहीत असण्याचं कारण नाही.

मोहाची तर गंमत निराळी. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ते 2021 दारूबंदी होती, गडचिरोलीत ती 1993 पासून आहे. घरात मोहफुलांचं पोतं म्हणजे पोलिसांच्या नजरेत दारूची भट्टी. फुलांच्या साठ्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध राज्य सरकारने 2021 मध्ये उठवले, तेव्हा कुठे मोहाचे लाडू, मोहाचा जॅम असं काही उघडपणे पाठवता येऊ लागलं. त्यासाठीही अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक लागतो. छोट्यांना तो वर्षाला शंभर रुपयांत मिळतो आणि तरीही बरेच जण तो न काढताच विकायला बसतात. कोसा रेशमाबद्दल थोडक्यात: नागभीड-आरमोरीचा कोसा आणि करवतकाठी साडी यांना दूरवर गिऱ्हाईक आहे, पण फोटोत खरा कोसा आणि नकली सारखाच दिसतो, त्यामुळे सिल्क मार्कच्या चिठ्ठीशिवाय तिकडे जाऊ नये.

2020 च्या मार्चअखेरीस सगळं बंद झालं. कुरिअर सुरू झालं ते आमच्या राख्यांच्या तोंडावर. जूनमध्ये गलवानला चकमक झाली, चिनी राख्या नकोत अशी हाक उठली आणि देशी राख्यांची विचारणा एकदम वाढली. त्या वर्षी राखीपौर्णिमा 3 ऑगस्टला होती. आमच्या हातात जेमतेम महिनाभर होता. जमेल तेवढ्या केल्या, उरलेल्यांना नाही म्हटलं. मागणी अशी अवचित दारात येते, पण आधीच्या चुका पदरी असल्या तरच तिचा उपयोग होतो. हवेचं भाडं तोवर आम्ही शिकलो होतो, म्हणून ती विक्री तोट्यात गेली नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून आणखी एक गाठ सुटली. त्याआधी साइटवर एक वस्तू विकायची तरी जीएसटी नोंदणी लागे. आता मर्यादेखालच्या लहान विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात साइटवरून विकताना ती लागत नाही. आमच्यासारख्यांचं गिऱ्हाईक बहुतेक पुणे-मुंबई-नाशिकचंच, त्यामुळे हा बदल नेमका आमच्या मापाचा होता.

हे सगळं सांगताना मला नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवतात. 1983 मध्ये आपल्या धानाच्या बांधीत त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. दीड एकराच्या या शेतकऱ्याने ते दाणे जपले, वर्षानुवर्षं निवडून पेरले. बारीक, चवदार तांदूळ निघाला. बाजारात जाताना त्याला नाव हवं होतं. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांचा जमाना, म्हणून तांदूळही एचएमटी झाला. 1998 मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण आणलं. दादाजींना 2005 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते गौरवलं गेलं, 2010 मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आलं. पण तांदळाच्या उलाढालीतलं त्यांच्या घरी काही आलं नाही. 3 जून 2018 ला ते गेले. आज फोनवर एचएमटी तांदूळ शोधा, निरनिराळ्या ब्रँडच्या पिशव्या समोर येतात. कोनाडा दादाजींनी शोधला, दिवा दुसऱ्यांनी लावला.

म्हणून आमच्या गटाने राखीच्या पाकिटावर छापायला पहिल्यांदा काय घेतलं असेल, तर गावाचं नाव. रंगीत छपाई नंतर.

तुम्हाला यंदा बांबूच्या राख्या हव्या असतील तर आषाढ लागण्याआधी कळवा आणि निम्मे पैसे आगाऊ द्या. बांबू कापून, उकळून, सुकवून हाताशी यायला वेळ लागतो, आणि पावसाळ्यात तो लवकर सुकत नाही. श्रावणात आलेल्या ऑर्डरी आम्ही आता घेत नाही.