पोट्ट्यायनं खरंच मराठीची वाट लावली?

बोर धरणाच्या वाटेवरचं हिंगणी घ्या, नाहीतर वर्धा जिल्ह्यातलं दुसरं कोणतंही गाव. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नातवाचा मेसेज आला की आजोबांचा निकाल ठरलेला: "या पोट्ट्यायनं मराठीची पार वाट लावली." निकाल देण्याआधी पुरावे तपासलेले बरे.

गैरसमज : मराठी रोमन लिपीत लिहिणं हे आजचं खूळ.
वस्तुस्थिती : फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर इथं छापलं गेलं, तेच रोमन लिपीत. मोबाइलवर ही सवय लागायला पैशाचंही कारण होतं. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरं १६० मावत, देवनागरीत मर्यादा फक्त ७०. तोच निरोप देवनागरीत अनेकदा एकाहून जास्त एसएमएसचा होई. शिवाय सुरुवातीच्या अनेक फोनवर देवनागरी लिहिण्याची सोयच नव्हती. पुढे अडचण सरली, बोटांची सवय राहिली.

गैरसमज : शब्द तोडून लिहिणं म्हणजे आळस.
वस्तुस्थिती : मग जुन्या पत्रांतल्या 'सा. न. वि. वि.', 'ती.', 'चि.' आणि 'ता. क.' यांना काय म्हणायचं? तारेचे पैसे शब्दावर मोजले जात, म्हणून जुनी माणसंही शब्द काटकसरीनं वापरत. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पोरांचं 'ओएमजी'सुद्धा नवं नाही. ब्रिटिश आरमाराचे लॉर्ड फिशर यांनी १९१७ साली चर्चिलना लिहिलेल्या पत्रात ते सापडतं.

गैरसमज : शुद्धलेखन पूर्वी पक्कं होतं, ते आत्ता बिघडलं.
वस्तुस्थिती : आज शाळेत शिकवतात त्या लेखननियमांपैकी १४ नियम १९६२ साली मान्य झाले, चारांची भर १९७२ मध्ये पडली. त्याआधी शिकलेली माणसं 'नांव', 'कांहीं', 'घरांत' असं लिहीत आणि ते बरोबर होतं. आज तेच चूक ठरतं. लिपीचे प्रयोग तर वर्ध्यातच झाले. १९३६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीनं आपल्या पुस्तकांत 'इ', 'उ' ऐवजी 'अि', 'अु' वापरले. पवनारचे विनोबाही लिपी सुधारण्याच्या बाजूचे होते. आज असं एखाद्या पोरानं लिहिलं, तर मास्तर लाल रेघ मारतील.

गैरसमज : 'मले', 'तुले', 'काहून' लिहिणं अशुद्ध.
वस्तुस्थिती : ही इथली बोली आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' या १९६० सालच्या कादंबरीतली माणसं वऱ्हाडीच बोलतात, आणि ती मराठीतली महत्त्वाची कादंबरी मानली जाते. उलट मेसेजमुळे एरवी ओसरीवरच राहणारी बोली रोज लिहिली जाऊ लागली आहे.

गैरसमज : मेसेजच्या भाषेनं पोरांचं वाचन-लेखन कच्चं होतं.
वस्तुस्थिती : इंग्लंडच्या कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या संशोधकांनी १० ते १२ वर्षांची मुलं तपासली. मेसेजमध्ये शब्दांची मोडतोड जास्त करणारी मुलं वाचनात मागे नव्हती, उलट सरस आढळली. शब्द मोडायला आधी तो कानानं नीट ओळखावा लागतो. अभ्यास इंग्रजी मुलांचा आहे, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या मराठी चुकांना तो माफी देत नाही.

मग आजोबांची तक्रार सगळीच खोटी? नाही. मित्राशी बोलायची भाषा तहसीलदाराच्या अर्जात चालत नाही, हा भेद शिकवावाच लागतो. रोज रोमनमध्येच लिहिलं तर जोडाक्षरं हातातून सुटतात, हेही खरं. पण उपाय सोपा आहे. आता साध्या स्मार्टफोनमध्येही देवनागरी कीबोर्ड असतो, बोलून टाइप करायची सोयही असते. नातवाला रागावण्याआधी त्याच्याकडूनच हा कीबोर्ड आपल्या फोनवर सुरू करून घ्या आणि पहिला मेसेज त्यालाच पाठवा. 'सा. न. वि. वि.' लिहिलंत तरी हरकत नाही, फक्त त्याचा अर्थ सांगा. त्याच्या शब्दांचा अर्थ तोही सांगेल.